दहापैकी किती?

वाचकहो, घरातील एका माणसाच्या हृदयावर उपचार होतात तेव्हा रुग्ण एकच असतो. परंतु पथ्य मात्र साऱ्या घराला लागते. जेवणातले मीठ सर्वांसाठीच कमी होते, जिन्याच्या पायऱ्या सर्वांच्याच नजरेत भरू लागतात आणि रात्री दिवा मालवल्यानंतर एक जण झोपतो, तर दुसरा त्याच्या श्वासाकडे कान लावून पडून राहतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा अनुभव आलेला असेल. माझ्या घरी तो गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आला. माझ्या हृदयाच्या एका धमनीत स्टेंट बसविण्यात आला, त्याला आता सव्वा वर्ष होऊन गेले.

माझे वय एकसष्ट. साताऱ्यातील महाविद्यालयात भूगोल शिकवून मी निवृत्त झालो. विद्यार्थिदशेत यवतेश्वरचा घाट सायकलने चढून जाण्याचा मला अभिमान होता. उपचारानंतर तोच घाट गाडीतून चढतानाही पत्नीचा हात माझ्या मनगटावर असे. डॉक्टरांनी चालण्यास, पुढे सायकल चालविण्यासही परवानगी दिली होती. तपासणीचे अहवाल समाधानकारक होते. तरीही घरात एक अघोषित संचारबंदी लागू होती. ती कोणी लादली नव्हती आणि म्हणूनच ती कोणी उठवूही शकत नव्हते.

आमची मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समधील तुलूझ या शहरात राहते. या वर्षी जूनमध्ये आम्ही दोघे तिच्याकडे गेलो आणि तिने आमच्यापुढे एक बेत मांडला: सेले नावाच्या नदीच्या खोऱ्यातून पाच दिवस सायकलने, खडीच्या वाटांवरून, दररोज वीस-पंचवीस किलोमीटर. पत्नीचा चेहरा उतरला. मी तत्काळ होकार दिला. आज मागे वळून पाहताना वाटते की, तिचे गप्प राहणे आणि माझा होकार या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती. ती कोणती, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

निघण्यापूर्वी आम्ही जे केले, ते आधी नोंदवितो. कारण आपल्यापैकी कोणी असा बेत करील, तर त्याने पहिल्यांदा तेच करावे. फ्रान्सला जाण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांकडून ताणचाचणी करून घेतली. तिथे सायकल चालवावी लागेल याची कल्पना मुलीने फोनवर दिलीच होती, म्हणून चार महिने पहाटे लिंबगावाच्या दिशेने आठ-दहा किलोमीटर सायकल फिरवली. औषधांच्या नावांची चिठ्ठी दोन प्रतींत सोबत ठेवली. मी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो, त्यामुळे साधे खरचटले तरी रक्त थांबायला वेळ लागतो. म्हणून हातमोजे, हेल्मेट आणि पट्ट्यांचे सामान घेतले. युरोपात कोठेही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो, तो तिघांच्याही फोनमध्ये नोंदवला.

तुलूझहून प्रादेशिक रेल्वेने अडीच तासांच्या आत फिझाक हे गाव येते. हे शाँपोलियाँ या विद्वानाचे जन्मगाव. त्याचा जन्म १७९० चा. प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडल्याचे त्याने १८२२ मध्ये जाहीर केले. ज्या रोझेटा शिलालेखामुळे ते शक्य झाले, त्याची प्रचंड मोठी प्रतिकृती इथल्या एका चौकात काळ्या दगडात जमिनीवरच आडवी पसरली आहे. लोक तिच्या अक्षरांवरून चालत जातात. आम्हीही गेलो आणि मग भाड्याच्या सायकली घेण्यासाठी दुकानात पोहोचलो.

मुलीची व माझी सायकल ‘ग्रॅव्हल बाईक’ या प्रकारची होती. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, परंतु टायर चांगले रुंद, सुमारे चाळीस मिलिमीटरचे. त्यांत हवा जरा कमी भरतात. त्यामुळे टायर खड्यांवर दबतो, रस्ता धरून राहतो आणि धक्के मनगटापर्यंत कमी पोहोचतात. गिअर इतके हलके की, चढावर माणूस चालण्याच्या वेगानेही पायडल मारत राहू शकतो. पत्नीसाठी मात्र आम्ही विजेचे साहाय्य असलेली सायकल घेतली. तिला मोटर असली तरी पायडल मारल्याशिवाय ती मदत करीत नाही आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे ती मदत थांबते, असा युरोपातील नियमच आहे. वाईला शाळेत सायकलने जाणारी ही बाई पस्तीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसली. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, “विसरले नाहीये मी.”

सेले ही लहान नदी. पुढे ती लॉत या मोठ्या नदीला मिळते. चुनखडीच्या पठारात तिने स्वतःसाठी एक अरुंद, नागमोडी खोरे कोरून काढले आहे. खोऱ्यात हिरवी शेते, अक्रोडाची झाडे, पॉपलरच्या रांगा. दोन्ही बाजूंना पिवळसर-करडे कडे. आणि कड्यांच्या माथ्यावर पसरलेले कोरडे पठार. त्या पठाराला तिकडे ‘कोस’ म्हणतात. आपल्या कोसाशी त्याचा काही संबंध नाही. परंतु पुढे एका दुपारी तिथला एक कोस मला आपल्याकडच्या चार कोसांएवढा वाटला, हे मात्र खरे.

पहिल्या दिवशी आम्ही नदीकाठाने सुमारे वीस किलोमीटर गेलो. वाहने फार थोडी. मधूनमधून मुलगी आम्हाला डांबरी रस्ता सोडून शेतांमधल्या पांढऱ्या वाटांवर नेई. चुनखडीचा बारीक चुरा आणि खडे यांच्या त्या वाटा पाहून मला आपल्या पाणंदी आठवल्या. तिथेही या वाटा गावाच्या मालकीच्या असतात आणि लोकांच्या वापरासाठी खुल्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या गुरे, गाड्या आणि माणसे यांनी त्या मळलेल्या आहेत. आता त्यांवरून पदयात्री आणि सायकलस्वारही जातात. या खोऱ्यातूनच स्पेनमधील सांतियागो या तीर्थस्थानाकडे जाणाऱ्या पदयात्रेच्या मार्गाचा एक फाटा जातो. पाठीवर पिशव्या घेतलेली माणसे भेटत, हात उंचावत आणि पुढे निघून जात. आपल्या वारीसारखा गजर त्यांच्यात नव्हता. चाल मात्र तशीच ठाम होती.

मुक्काम एस्पान्याक-सेंत-यूलाली या चिमुकल्या गावात होता. तिथे एक जुना स्त्री-मठ आहे. त्याचे नाव ‘स्वर्गदरी’ अशा अर्थाचे. लाकडी चौकटीत विटा भरून बांधलेला त्याचा घंटामनोरा संध्याकाळच्या उन्हात फार शोभत होता. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. ओट्यावर बसून आम्ही पाव, शेळीच्या दुधाचे मऊ रोकामादूर चीज आणि साताऱ्याहून आणलेले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. सारे काही उत्तम होते. मला तर वाटू लागले की, मी पूर्वीचाच झालो.

दुसऱ्या दिवशी मुलीने खोऱ्याचा रस्ता सोडून दक्षिणेकडच्या पठारावर चढायचे आणि पठारावरून मार्सियाक या गावी उतरायचे ठरवले होते. चढ दीड-दोनशे मीटरचा. आकडा ऐकायला लहान वाटतो; परंतु खडीवर, उन्हात, पाठीशी सामान असताना तो लहान राहत नाही. डॉक्टरांनी मला एक सोपी कसोटी सांगून ठेवली होती. मी हृदयाची गती आवरून धरणारी गोळी घेतो. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांचा आकडा माझ्या बाबतीत फसवा असतो. शरीर थकले तरी तो फारसा चढत नाही. म्हणून ते म्हणाले होते, “घड्याळ बघू नका, बोलून बघा. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा.”

त्या चढावर मी बोललोच नाही. मुलगी पन्नास पावले पुढे होती आणि मला तिच्या मागे पडायचे नव्हते. एवढेच कारण होते. खाली गावात पाण्याचा नळ दिसला होता. बाटली अर्धी भरलेली आहे, चालेल, असे म्हणून तिथे थांबलो नव्हतो. वर जाऊन पाहतो तो काय, पठारावर पाण्याचे चिन्ह नाही. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलेली गोष्ट तिथे माझ्याच डोळ्यांपुढे होती: चुनखडीच्या प्रदेशात पावसाचे पाणी जमिनीवर वाहत नाही, भेगांतून खाली मुरते आणि जमिनीखालच्या वाटांनी जाऊन थेट खोऱ्यात झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. आपला काळा कातळ निदान तळी तरी धरून ठेवतो. इथे खुरटे ओक, जुनिपरची काटेरी झुडपे आणि दगडावर दगड रचून केलेले कोरडे बांध. डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेली, जणू चष्मा लावलेली तिथली मेंढरे ओकच्या विरळ सावलीत माना घालून उभी होती. त्यांना जे कळले होते, ते मला कळत नव्हते.

डोके हलके होऊ लागले. छातीत दुखत नव्हते. पण उतरून उभा राहिलो की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येई. मी काय केले असेल? मोबाईल काढला आणि बांधाचा फोटो काढू लागलो. थोडे पुढे गेलो, पुन्हा थांबलो, मेंढरांचा फोटो काढला. तिसऱ्या वेळी झुडपाचा. मुलगी एका वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती. मागून पत्नी आपल्या सायकलीवर शांतपणे चढत आली, माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, “अहो, या झुडपाचा कसला फोटो?”

“छान आहे.”

“तुमचा हात थरथरतोय.”

“काही नाही. ऊन आहे.”

ती सायकलवरून उतरली. पुढे जे बोलली, ते मी जसेच्या तसे लिहितो. लिहायला तिची परवानगी घेतली आहे. “रोज रात्री मी उठून तुमचा श्वास चालू आहे का बघते. तुम्ही जागे असता. मला कळतं. डोळे मिटून पडून राहता, म्हणजे मला वाटावं तुम्ही झोपलात. आणि मीही परत झोपल्याचं सोंग करते. सव्वा वर्ष झालं. आता इथंही सोंगच करायचं का?”

वाचकहो, त्या माळावर त्या क्षणी मला उमगले की, मी ज्याला धैर्य समजत होतो आणि ती ज्याला काळजी समजत होती, त्या दोन्ही एकाच भीतीच्या दोन बाजू होत्या. तिला भीती होती की, विचारले तर मी खचेन. मला भीती होती की, सांगितले तर मला पुन्हा खाटेवर बसवतील. म्हणून ती विचारीत नव्हती आणि मी सांगत नव्हतो. आमच्या घरात पथ्य सगळे होते. एक खरे वाक्य तेवढे नव्हते.

मी म्हणालो, “चक्कर येतेय. पंधरा-वीस मिनिटं झाली. छातीत दुखत नाही.”

त्यानंतर सर्व गोष्टी फार सोप्या झाल्या. जवळच दगडांची एक गोल झोपडी होती. मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी चुना-माती न वापरता, नुसते दगड एकावर एक रचून बांधलेल्या अशा झोपड्या त्या पठारावर ठिकठिकाणी आहेत; त्यांना ‘काझेल’ म्हणतात. आत थंडावा होता. मी भिंतीला टेकून बसलो, पाय एका दगडावर उंच ठेवले. पत्नीने तिच्या बाटलीतले पाणी घोटाघोटाने दिले, एक लाडू आणि चिमूटभर मीठ लावलेली काकडी दिली. जिभेखाली ठेवायची गोळी तिने हातात काढून ठेवली होती. छातीत दुखू लागले असते तर ती बसूनच घ्यायची आणि पाच मिनिटांत आराम न पडल्यास ११२ ला फोन करायचा, हे तिला पाठ होते. ती वेळ आली नाही. मुलगी परत येऊन पोहोचली. तिला सर्व सांगितले. ती रागावेल असे वाटले होते, ती माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, “बाबा, मी पुढे का जात होते माहीत आहे? मागे वळून बघितलं तर तुम्हाला वाटेल मी नजर ठेवतेय, म्हणून.”

म्हणजे सोंग तिघांचेही चालू होते!

अर्ध्या तासाने मी उठलो. सायकली हातात धरून, सावलीसावलीने आम्ही एक किलोमीटरवरच्या छोट्या गावापर्यंत चालत गेलो. दुकान नव्हते, माणूस दिसला नाही. दुपारी फ्रान्समधली खेडी निजलेलीच असतात. मुलीने थेट दफनभूमीची वाट धरली. तिकडचे सायकलस्वार हे जाणून असतात: कबरींवरच्या फुलांना घालण्यासाठी गावाच्या दफनभूमीत नळ असतोच. फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी त्यावर लावलेली आहे का, ते वाचून घ्यावे लागते. तशी पाटी नव्हती. एका घरातून डोकावलेल्या आजीबाईंनीही मान डोलावून पाणी चांगले असल्याचे सांगितले. ते थंड पाणी डोक्यावर घेताना पत्नी प्रथमच हसली. “इथं येण्याचं वय झालंय; पण आज पाण्यापुरतं,” ती म्हणाली. सव्वा वर्षात आमच्या घरात मृत्यूचा विषय निघाला नव्हता. तो निघाला, तो असा हसत निघाला.

मार्सियाकला सावकाश उतरून आलो. नदीच्या काठी तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या एका मोठ्या मठाचे अवशेष आहेत. एका भागाचे छप्पर केव्हाच गेले आहे, कमानी तेवढ्या आकाशाखाली उभ्या आहेत. आणि त्यालाच लागून राहिलेल्या भागात मंदिर अजून वापरात आहे. संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे भारतात रात्री साडेनऊला, मी साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दहा-बारा प्रश्न विचारले. माझ्या रक्तदाबाच्या औषधांत शरीरातले पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी एक गोळी आहे. कडक उन्हात, घाम जात असताना आणि पाणी कमी पडल्यावर तिच्यामुळे रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, हे त्यांनी समजावून सांगितले. प्रवासापुरता त्या गोळीच्या मात्रेत बदल सुचविला, एक दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आणि पुन्हा तसे झाल्यास तिथेच डॉक्टरांना दाखवा, असे बजावले. कृपया ध्यानात घ्या: हा बदल माझ्यापुरता, माझ्या डॉक्टरांनी केलेला. आपण आपल्या गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नयेत. परंतु प्रवासाला, विशेषतः उन्हातल्या प्रवासाला निघताना “या गोळ्यांचं उन्हात काय करायचं?” हा प्रश्न मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावा. मी तो विचारला नव्हता.

विश्रांतीच्या दिवशी आम्ही नदीकाठी बसून एक पद्धत ठरवली. तिचे श्रेय मुलीचे. प्रत्येक थांब्यावर तिघांनीही एक आकडा सांगायचा: शून्य म्हणजे आरामखुर्चीत बसल्यासारखे, दहा म्हणजे आता एक पाऊलही शक्य नाही. “दहापैकी किती?” असा प्रश्न. व्यायामाच्या शास्त्रात श्रमाचा अंदाज घेण्याची अशा स्वरूपाची मोजपट्टी वापरतातच. नवीन काही नव्हते. आमच्यापुरते नवीन एवढेच की, तो प्रश्न एकट्या रुग्णाला विचारायचा नव्हता. पत्नीचे गुडघे, मुलीची पाठ, माझे हृदय, सर्वांची हजेरी एकाच पटावर. पाचच्या पुढे आकडा गेला की वेग कमी. सात म्हणजे उतरून सावलीत बसायचे, कोणाचाही असो. आणि खोटा आकडा सांगायचा नाही.

त्या रात्री आम्ही दोघे गावाबाहेरच्या वाटेवर उभे राहिलो. या प्रदेशाचा काही भाग कृत्रिम उजेडापासून इतका मुक्त आहे की, तिकडचे लोक त्याला ‘काळा त्रिकोण’ म्हणतात. आकाशगंगा डोळ्यांनी स्पष्ट दिसत होती. पत्नी म्हणाली, “आज मी उठणार नाही रात्री. काही वाटलं तर तुम्ही मला उठवायचं.” मी कबूल केले. ती खरोखरच पहाटेपर्यंत झोपली. मीही झोपलो.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर निघून, ऊन चढायच्या आत आम्ही काब्रेरे गावी पोहोचलो. चढांवर मी सर्वांत हळू होतो. दोनदा उतरून चाललो. पहिल्यांदा उतरताना कानशिले तापली. दुसऱ्यांदा पाहिले तर मुलगीही उतरून चालत होती. “सहा,” ती म्हणाली, “पाठ.” तिची पाठ गेली दोन वर्षे दुखते आहे, हे आम्हा दोघांना त्या चढावर कळले. संगणकासमोर दिवसदिवस बसणाऱ्या मुलीने ते आम्हाला कधी सांगितले नव्हते. कारण बाबांचे हृदय असताना आपल्या पाठीचे काय सांगायचे, असे तिला वाटत होते. घरात एक मोठा आजार आला की लहान आजार असे मुके होतात. आपल्याही घरात एखादा तसा गप्प बसला असेल, तर त्याला विचारून पाहा.

काब्रेरेच्या वर, पठाराच्या पोटात, पेश-मेर्ल नावाची गुहा आहे. १९२२ मध्ये गावातल्या दोन किशोरवयीन मुलांनी तिच्यातली चित्रे शोधून काढली. सुमारे एकोणतीस हजार वर्षांपूर्वी रंगवलेले दोन ठिपकेदार घोडे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत आणि त्यांच्याभोवती माणसांच्या पंज्यांचे छाप आहेत. हात भिंतीवर ठेवून भोवती रंग फुंकरून उमटवलेले. एके ठिकाणी चिखलात एका किशोरवयीन माणसाच्या पावलांचे ठसे तसेच राहिले आहेत. गुहेत बाराएक अंश तापमान असते, म्हणून अंगावर गरम कपडा घ्यावा. आणि दररोज ठरावीक संख्येनेच लोकांना आत सोडतात, म्हणून आधी जागा राखून ठेवावी.

मला मात्र सर्वांत जास्त वेळ एका वेगळ्याच गोष्टीपाशी थांबावेसे वाटले. वर पठारावर उभ्या असलेल्या एका ओकचे मूळ गुहेच्या छतातून उतरून, मोकळ्या हवेतून खाली लोंबत, जमिनीत शिरले आहे. ज्या पठारावर मी पाण्यावाचून भोवळलो, तशाच पठारावर ते झाड पाण्यासाठी दगड भेदून इतके खोल आले होते. त्याने पाण्याची गरज लपवली नव्हती.

शेवटच्या दिवशी सेले जिथे लॉत नदीला मिळते, तिथून जवळच्या बूझिएस या गावी गेलो. तिथून सॅं-सिर्क-लापोपीकडे जाताना नदीकाठचा उभा कडा आडवा कोरून एक वाट काढलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती खोदली गेली. मालाने भरलेल्या होड्या प्रवाहाविरुद्ध दोरांनी ओढून नेण्यासाठी. डोक्यावर कडा छपरासारखा झुकलेला, एका हाताला नदी. पायी फिरणारे बरेच होते, वाट अरुंद होती, म्हणून आम्ही सायकली हातात धरून चाललो. मी ओढणाऱ्यांचा विचार करीत होतो. प्रवाहाविरुद्ध होडी ओढताना कोणी एकटा जोर लावत नसेल. सर्वांची पावले एकमेकांच्या दमाने पडत असतील.

नदीपासून शंभरेक मीटर उंचीवर, कड्याला बिलगून बसलेले सॅं-सिर्क-लापोपी खालून दिसले. मधला रस्ता चांगलाच चढा. पायथ्याशी थांबलो. “दहापैकी किती?” मुलीने विचारले. पत्नी म्हणाली, “तीन. माझी मोटर आहे.” मुलगी म्हणाली, “चार.” मी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणालो, “चार. पण वर पोहोचेपर्यंत सहा होईल, तेव्हा चालत येईन.” तसेच झाले. अर्ध्यावर उतरलो आणि सायकल ढकलत वर आलो. पत्नी माझ्या आधी दहा मिनिटे पोहोचली होती आणि एका कठड्यावर बसून लॉतच्या वळणाकडे पाहत होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. सव्वा वर्षात पहिल्यांदाच मी चढ चढत असताना ती दुसरीकडे पाहत होती.

आता आम्ही साताऱ्यात आहोत. रविवारी पहाटे आम्ही दोघे पाणंदीच्या वाटेने सायकली काढतो. ग्रॅव्हल बाईक नाही. जाड टायरची साधी सायकल आहे, तिची हवा थोडी कमी ठेवली की पुरते. बाटल्या दोन, आणि दोन्ही भरलेल्या. ओढ्याच्या पुलापाशी आमचा थांबा असतो. तिथे एक जण विचारतो आणि दोघेही उत्तर देतात. मुलगीही रविवारी रात्री फोनवर आपला आकडा सांगते. ती आता पाठीवर उपचार घेत आहे. मागच्या रविवारी पत्नीने सहा सांगितले, म्हणून आम्ही पुलावरूनच परत फिरलो आणि घरी येऊन चहा घेतला.